दोन तांबे अतिवृष्टी

२४ जून २०१९, सोमवार

आजपासून संकल्प: स्मार्टफोनला हात लावायचा नाही. बटणाचा फोन पुरेसा आहे. फोन येतो, फोन जातो. माणसाला आणखी काय पाहिजे?

निमित्त असं झालं. चारा छावणीत जनावरांच्या कानात बिल्ले मारलेत, त्यावर बारकोड. रोज एकेका जनावराचा कान धरून मोबाइलनं स्कॅन करायचं, तेव्हा ते हजर. गाय समोर उभी आहे, शेण टाकते आहे, हंबरते आहे, तरी मोबाइल मान्य करत नाही तोवर गैरहजर. गाय आहे की बिस्किटाचा पुडा? मी कासारखोरी दूध उत्पादक सहकारी संस्थेचा चेअरमन. छावणी माझ्या संस्थेची. आणि माझ्या शब्दाला त्या बिल्ल्याएवढी किंमत नाही.

स्कॅनचं काम शिवकन्या करते. लेकीनं पुण्याहून आईला फोन पाठवला, बापाला नाही. शिवकन्या म्हणाली, "तुमाला दिला असता तर दोन दिसात आपटला असता." मी उत्तर दिलं नाही. तत्त्वाच्या माणसानं बायकोच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत बसू नये.

२७ जून

संकल्प मोडलेला नाही. फोन शिवकन्येच्या हातात होता, मी फक्त बोटानं सरकवलं. हात लावणं वेगळं, बोट लावणं वेगळं.

हवामानाचं ॲप बघितलं. आमच्या गावावर एक गुबगुबीत ढग, त्याला तीन थेंब. पाऊस सत्तर टक्के. संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून वाट पाहिली. उरलेले तीस टक्के तेवढे आले.

१ जुलै, सोमवार

कृषी सहायक सानप मॅडम छावणीवर आल्या होत्या. छावणीला मुदतवाढ मिळाली, पण आता मंडळनिहाय हिशेब. ज्या महसूल मंडळात चांगला पाऊस पडेल तिथली छावणी बंद. पाऊस किती पडला हे कोण सांगणार? संस्थेच्या मागच्या जागेत ते हवामान केंद्र उभं केलंय, ते सांगणार.

मी त्यांना विचारलं, मंडळात वीस गावं आणि डबा एक, तो सगळ्यांच्या वतीनं बोलणार का? मॅडम म्हणाल्या, हो. मी म्हटलं, मग आम्ही चेअरमन कशाला निवडून येतो? यावर त्या हसल्या.

केंद्र म्हणजे काय, तर एक खांब, वर फिरणाऱ्या तीन वाट्या, सूर्यावर चालणारी एक पाटी आणि कमरेएवढ्या उंचीवर वरून उघडा एक पांढरा डबा. जागा संस्थेची म्हणून कुंपणाची किल्ली माझ्याकडे. दोन वर्षांत त्या डब्यातून कुणी कागद काढलेला मी पाहिला नाही, की कधी दिवा लागलेला पाहिला नाही. माझं स्पष्ट मत: आतून पोकळ आहे. ठेकेदारानं उभं केलं आणि निघून गेला.

छावणी बंद झाली तर मात्र कठीण आहे. घरी कडब्याची एक पेंढी नाही. शिवकन्या मार्चपासून दिवसभर छावणीतच असते, आमच्या चांदणी गायीपाशी. चांदणीला सातवा महिना आहे. सगळ्या गावाची जनावरं तिथं आहेत. बंद झाली तर बाजार, आणि बाजारात आता हाडं मोजून घेतात.

८ जुलै, सोमवार

पेपरात बातमी: चंद्रावर यान चाललंय. का, तर तिथं पाणी आहे का बघायला. कासारखोरीत पाणी नाही हे मी फुकट सांगतो. आमच्याकडे टँकर येतो तो तालुक्याहून, वडवणीहून निघून रस्ता चुकतो, आणि हे चंद्राचा रस्ता शोधतात!

छावणीत माझं म्हणणं सविस्तर मांडलं. विज्ञानाला पैसा द्यावा, माझा विरोध नाही, पण सहकारातून द्यावा. शास्त्रज्ञांची एक सहकारी संस्था काढावी. संचालक मंडळ असावं, वार्षिक सभा व्हावी, सभासदांनी जाब विचारावा. चेअरमन म्हणून अनुभवी माणूस घ्यावा. नाव मी सुचवलं नाही, पण सगळ्यांना कळलं असावं. हरिबा वैरण कापता कापता म्हणाला, "पर चेअरमन, शास्त्रज्ञ दूध कुठं घालतेन?" या लोकांसाठी मी झिजतोय.

१५ जुलै, सोमवार, सकाळ

यान उडालंच नाही! तांत्रिक बिघाड. शिवकन्येच्या फोनवर स्वतः वाचलं (सहकाराच्या कामासाठी फोन घेतला होता, ती दळणाला गेली होती). अख्ख्या देशात हे होणार म्हणून सांगणारा एकच माणूस होता.

छावणीत जाऊन सांगितलं. व्हाइस चेअरमन विठ्ठलराव तिथं होता. त्याला माझी खुर्ची पाहिजे, हे उघड आहे. तो म्हणाला, "मोहनराव, एवढं मोठं यंतर, एखाद्या बारी आडतंय. परत उडल की. उगं बोलू नका." वर म्हणाला, "आन् आपलं पावसाचं यंतर बी चालतंय बरं का."

चालतंय! ठरलं. आज दूध का दूध, पानी का पानी.

त्याच दिवशी, दुपार

प्रयोग यशस्वी. सगळं लिहून ठेवतो.

घरातल्या रांजणातून एक तांब्या भरून घेतला. चार संचालक, हरिबा आणि छावणीतली दहा-बारा माणसं घेऊन केंद्रावर गेलो. कुलूप उघडलं. हरिबाला शिवकन्येचा फोन दिला, शूटिंग कर म्हटलं. आधी भाषण केलं. मग तांब्या डब्यात रिकामा केला. सगळे कान देऊन उभे. काही नाही. घंटी नाही, दिवा नाही, आवाज नाही. घरी जाऊन दुसरा तांब्या आणला, तोही ओतला. डबा ढिम्म.

मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणालो, "बघा, महाराष्ट्रानं बघा! दोन तांबे रिचवले, आणि ढिम्म! हे सांगणार आमच्या गायींनी जगायचं का मरायचं!" टाळ्या पडल्या. विठ्ठलराव गप्प. व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर टाकायला लावला. दूध संस्था ग्रुप, सोसायटी ग्रुप, तालुका ग्रुप, भावकी ग्रुप. योग्य हातात असेल तर स्मार्टफोन चांगली वस्तू आहे.

शिवकन्या दळण घेऊन आली. रांजणात डोकावली. म्हणाली, "पेयाचं पाणी व्हतं ते. टँकर परवा हाय. दोन तांबे कावून वतले?" मी म्हटलं, विज्ञानासाठी. ती काही बोलली नाही. मला वाटतं पटलं.

१७ जुलै, बुधवार

घात झाला. तलाठ्याचा फोन आला होता. बटणाच्या फोनला रेंज नव्हती, एवढंच ऐकू आलं: "चेअरमन, तुमचं मंडळ गेलं! वरून यादी आली!" आणि फोन कट.

मंडळ बरखास्त! माझं संचालक मंडळ! मला क्षणात सगळं कळलं. सोमवारी विठ्ठलराव गप्प का होता तेही कळलं. व्हिडिओ झोंबला कुणालातरी, आणि यानं वडवणीत जाऊन सूत्रं हलवली.

तातडीची सभा बोलावली. उभा राहून बोललो, चांगला अर्धा-पाऊण तास. सहकाराची परंपरा सांगितली. गद्दार हा शब्द वापरला, नाव न घेता, विठ्ठलरावाकडे बोट करून. प्रशासक आला तर दारात आडवा पडेन म्हणालो. राजीनामा देणार नाही म्हणालो, जो कुणी मागितलाच नव्हता. विठ्ठलराव हात जोडून म्हणाला, "आईच्यान, मला काई ठावं न्हाई."

तेवढ्यात शिवकन्या फोन घेऊन आली, सरळ सभेत. बायकांनी सभेत यायला माझा विरोध नाही, पण वेळ बघावी. फोनवर यादीचा फोटो होता. तिनं मोठ्यानं वाचून दाखवला. गेलं ते संचालक मंडळ नव्हे, महसूल मंडळ. पंधरा जुलै, दुपार, पाऊस सहासष्ट मिलिमीटर. शेरा: अतिवृष्टी. छावणी सोमवारपासून बंद.

सगळ्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर धुरळा उडत होता.

१८ जुलै

सानप मॅडम पाहणीला आल्या. वाळलेल्या बाभळीखाली उभ्या राहून त्या अतिवृष्टी शोधत होत्या. डबा उघडला. आत शिंपल्यासारखं काहीतरी डुलणारं यंत्र निघालं. म्हणाल्या, एकदम ठणठणीत आहे, प्रत्येक थेंब मोजतं आणि परस्पर वर पाठवतं. या तोंडावर एक लिटर पाणी पडलं तर साधारण तीस-बत्तीस मिलिमीटर पाऊस होतो. मग विचारलं, इथं कुणी पाणी ओतलं का?

संचालक मंडळानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. म्हटलं, चिमण्या आंघोळ करत असतील. मॅडम म्हणाल्या, ज्यानं ओतलं त्यानं तसं लिहून दिलं तर नोंद दुरुस्त होईल, छावणी राहील.

मी लिहून देणार नाही. प्रश्न माझा नाही, पदाचा आहे. मी ओतलं ते प्रयोग म्हणून, त्यांनी मोजलं ते पाऊस म्हणून. मग चूक कुणाची? मोजणाऱ्याची! एवढे कोटी खर्चून यंत्राला पाऊस आणि तांब्या यातला फरक कळत नसेल तर ते यंत्र माझ्या मुद्द्याच्या बाजूनंच साक्ष देतंय.

१९ जुलै, शुक्रवार

छावणीत गेलो होतो. माणसं दावणीचे खुंटे उपटत होती. छबुबाईनं म्हैस सोडली. एकटी बाई, तिला एवढी एकच म्हैस. उद्या बाजार. माझ्यासमोरून घेऊन गेली. याच म्हशीचं दूध सकाळी सगळ्यात आधी डेअरीवर यायचं.

शिवकन्या चांदणीच्या कानातला बिल्ला पुसत होती. म्हणाली, "सातवा महिना हाय तिला. कुठं नेऊ सांगा. तुमच्या पदात बांधू का?"

वाईट वाटलं. लपवत नाही, फार वाईट वाटलं. चांदणीकडे बघवेना. म्हणून ठरवलं: उद्या वडवणीला जाऊन तहसीलदारसाहेबांना खणखणीत निवेदन द्यायचं. यंत्र सदोष आहे, काढून न्यावं. लढल्याशिवाय काही मिळत नाही.

२० जुलै, शनिवार

एसटी उशिरा मिळाली. निवेदन घेऊन तहसीलला पोचलो. दारातल्या शिपायानं निरखून बघितलं आणि विचारलं, "अतिवृष्टीवाले चेअरमन तुमीच का?"

आत साहेबांच्या केबिनमधून ओळखीचा आवाज आला. माझाच होता. "बघा, महाराष्ट्रानं बघा! दोन तांबे रिचवले, आणि ढिम्म!" पाठोपाठ हसण्याचा आवाज. शिवकन्या पहिल्या एसटीनं माझ्या आधी येऊन बसली होती, सोबत विठ्ठलराव. फोन साहेबांच्या टेबलावर होता. मी उभा असताना त्यांनी तो व्हिडिओ आणखी एकदा लावला. मी अंगानं जरा भारदस्त दिसतो त्यात.

साहेबांनी विचारलं, सरकारी यंत्राशी छेडछाड केली म्हणून गुन्हा दाखल करू का? मी निवेदन उघडणार, तेवढ्यात शिवकन्या म्हणाली, "नका साहेब. मानूस वाईट न्हाई. त्यांला फकस्त समदं कळतंय असं वाटतं."

साहेब म्हणाले, व्हिडिओ पुरेसा आहे, लिहून द्यायची गरज नाही. नोंद दुरुस्त करू, छावणी चालू राहील. केंद्राची किल्ली या बाईंकडे द्या.

म्हणजे माझ्या व्हिडिओमुळेच छावणी वाचली. शूटिंग करायचं कुणाला सुचलं होतं? हे एसटीत मी दोनदा सांगितलं. विठ्ठलराव खिडकीबाहेर बघत होता. निवेदन खिशातच राहिलं.

२२ जुलै, सोमवार

छबुबाईची म्हैस परत आली. भाव पडलेला म्हणून विकलीच गेली नव्हती.

सकाळी आंघोळीला पाणी मागितलं तर शिवकन्येनं एक तांब्या पुढं ठेवला. म्हणाली, "घ्या, तीस मिलिमीटर." शेजारच्या घरातून हसू ऐकू आलं. गावात तांब्या घेऊन चार पावलं चालायची सोय राहिली नाही. कुणीतरी विचारतंच, "चेअरमन, आज कुठल्या मंडळात?"

दुपारी यान उडालं. छावणीतली सगळी माणसं शिवकन्येच्या फोनभोवती गोळा झाली होती. मी बघितलं नाही. पाठ करून उभा होतो, चांदणीला चारा टाकत. आवाज तेवढा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गेल्या सोमवारी माझ्यासाठी वाजवल्या होत्या त्याहून जास्त. हरिबा ओरडला, "चेअरमन, चंद्रावर किती तांबे लागतेन?" एकदाच वळून बघितलं, तोवर यान दिसेनासं झालं होतं.

संध्याकाळी सानप मॅडमचा निरोप आला. नोंद दुरुस्त झाली. पंधरा जुलै: पाऊस शून्य. शिवकन्येनं फोन माझ्यापुढं धरला, मी हात न लावता वाचलं. संकल्प कायम आहे. जूनपासून आजपर्यंत सगळ्या रकान्यांत शून्यच होतं, मधला तेवढा एक सहासष्ट होता. यंदा या मंडळात जो काही पाऊस पडला तो मी पाडला होता. आज तोही खोडला.