बाईजाच्या दोरीचे माप

मी, चंदर कोंडू घुडे, वय ६९, माजी विधान परिषद सदस्य, राहणार शेणवा, तालुका शहापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. आमदारकीच्या सहा वर्षांत असा एकही कागद लिहिल्याचे आठवत नाही, तेव्हा हा जपून ठेवावा.

१. राहते घर पत्नी सरिता हिला. माझ्या कार्यकर्त्यांपासून तिनेच ते वाचवले.

२. मुरबाडचा भूखंड विकून डोळखांबकडच्या पाड्याला ओहळावर साकव बांधून द्यावा. कारण लिहितो. १९९८ साली मुदत संपायला एकवीस दिवस असताना मी सरकारी खर्चाने युरोपात पुलांचा अभ्यास करायला गेलो. अहवाल स्वीय सहायकाने निघण्याआधीच लिहिला होता. पाड्यावरच्यांना मात्र सगळे खरे वाटले. त्यांची पोरे पावसाळाभर शाळेला मुकत. पाड्यावरच्या बाईजाने ओहळ काठापासून काठापर्यंत दोरीने मोजला आणि दोरी माझ्या हाती दिली. "साहेब, येवढाच बघा. मोठा नको आमाला."

त्या दोरीचे दोन तुकडे करून मी येताना खरेदीची खोकी बांधली. सत्काराला आलेल्या बाईजाने ती ओळखली. "कापली काय? मंग आमचा ओहळ पन निम्मा झाला आसंल." सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोन्ही तुकडे कपाटात आहेत. माप घेताना गाठ मारू नये. गाठीत वीतभर दोरी जाते.

३. भातशेती चिरंजीव आदेश याला. मात्र तो जिल्हा परिषदेत आहे, मुदत मार्चमध्ये संपते, आणि त्याने घनकचऱ्याचा अभ्यास करायला परदेशी जायचे काढले आहे. लोकांच्या पैशाने गेला तर शेती सूनबाई नम्रता हिला जाईल. कचराच बघायचा तर शहापूरच्या बाजारामागे भरपूर आहे. एसटीचे तिकीट मी काढतो.

४. शाली व नारळ मिळाले तसे पुढे दिलेले आहेत. त्यांवर कुणी हक्क सांगू नये.

ठिकाण शेणवा, दिनांक १२ नोव्हेंबर २००६.
सही: चंदर कोंडू घुडे

साक्षीदार १: ज्ञानेश्वर निमसे, निवृत्त शिक्षक (सही)

साक्षीदार २: बाईजा, राहणार पाडा. अंगठा दिलेला नाही. म्हणाली, "तुमी मरायची वाट आमी कशाला बघू? आधी साकव बांदा. त्याच्यावरून चालत यीन, मंग आंगठा दीन."

कायद्याने साक्षीदार दोन लागतात. भूखंड उद्याच विकायला काढतो.