बुचातलं जस्त

प्रिय दादा,

वासरांच्या रक्ताचे निकाल काल आले. छापील कागद गुरांच्या डॉक्टरांकडून तुला मिळेलच, पण त्यावर आकडे असतात आणि आकडे दिसले की तुला जांभया येतात, म्हणून मी लिहिते आहे.

तुझ्या वासरांच्या अंगात जस्त फार कमी आहे. लागतं चिमूटभरच, पण तेवढंही चाऱ्यातून मिळत नाही. तोंडाभोवतीच्या खपल्या, गळणारे केस, पोटभर दूध पिऊनही न वाढणं, सगळं त्यातूनच. तू म्हणशील, मागच्या तपासणीत तर जस्त भरपूर निघालं होतं. निघालं होतं खरं, पण ते बुचाचं होतं. तू रक्त साध्या रबरी बुचांच्या नळ्यांत भरलंस आणि नळ्या पिशवीत आडव्या टाकून पाठवल्यास. रबरात जस्त असतं, वाटभर रक्त बुचाला लागून राहिलं की ते रक्तात उतरतं. तिथल्या प्रयोगशाळेनं नळीत जे आलं ते मोजलं. आमच्या प्रयोगशाळेत नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. तुला कोण शिकवणार? तू जन्मजात सर्वज्ञ.

त्या निकालावरून तू ठरवलंस की चाऱ्यात खोट नाही, म्हणजे खोट वहिनीत. दूध पाजणारी तीच ना. दुसरं वासरू गेलं तेव्हा भरल्या ताटावर म्हणालास, "हिच्या हाताला गुणच नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस. मला तुझा राग आला होता, अजून आहे.

म्हणून योग्य त्या नळ्या घेऊन मी स्वतः आले. वहिनी गोठ्याच्या दारातच थांबली, म्हणाली, "मी हल्ली हात लावत नाही त्यांना." मीच ओढून आत नेलं. तुझ्या चितकबऱ्या कालवडीनं मला दोन लाथा घातल्या होत्या. वहिनीनं गळ्याखाली खाजवलं तशी तिच्या खांद्यावर मान टाकून उभी राहिली. सुई गेली तरी हलली नाही.

खुराकात जस्त मिसळावं लागेल. किती, ते डॉक्टर सांगतील. अंदाजपंचे घालू नकोस, जास्त झालं तर तेही बाधतं. उरलेली सुधारतील.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच "कळलं, कळलं" म्हणतोस. परवा म्हणालास, मूल दत्तक घ्यायचा अर्ज वहिनीनं अचानक मागे घ्यायला लावला, कारण काही सांगत नाही. मला तिनं त्या दिवशी गोठ्यात सांगितलं होतं, "माझ्या हातात वासरं जगत नाहीत, तिथं कुणाचं लेकरू कशाला आणायचं?" मी तेव्हा समजूत घातली, पण नुसत्या मायेच्या शब्दांवर तिनं का विश्वास ठेवावा? आता निकाल आहे. तिला मी काही कळवलेलं नाही, ते तुझ्याच तोंडून कळू दे. आधी चुकलो म्हण, मग जस्ताचं सांग. आणि तो अर्ज दोघं मिळून पुन्हा भरा.

तुझीच,
धाकटी