लाइट गेल्यावर गप्प बसल्याच्या आरोपाबाबत

प्रति,
मा. शाळा तपासणी अधिकारी,
विभागीय शिक्षण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याजवळची खोली.

अर्जदार : भूगोल शिक्षक, इयत्ता सातवी.

विषय : लॅपटॉपला चालणारी बॅटरी मिळणेबाबत, ती न मिळाल्यास उद्याच्या सुनावणीत निदान एक चालू प्लग मिळणेबाबत.

संदर्भ : आपली नोटीस, ‘तपासणीच्या वेळी हेतुपुरस्सर मौन पाळणे व अधिकाऱ्यांकडे पाठ फिरवणे’.

महोदय,

१. विनंती करण्याआधी अर्जदार आपली ओळख पुन्हा एकदा करून देत आहे, कारण समक्ष भेटूनही आपण त्याला ओळखलेले दिसत नाही. घशात गाठ झाल्यामुळे डॉक्टरांनी अर्जदाराचे स्वरयंत्र काढले. म्हणजे अर्जदार बोलत नाही असे नव्हे. त्याला बोलता येत नाही. हा फरक शाळेच्या मुख्याध्यापिकांना पहिल्याच दिवशी कळला. शिपायाला कळला. सातवीच्या वर्गाला तर इतका झटकन कळला की सर ओरडू शकत नाहीत म्हटल्यावर पोरांनी आठवडाभर वर्ग डोक्यावर घेतला. आपल्या कार्यालयाला तो अद्याप कळलेला नाही. कार्यालय मोठे आहे, वेळ लागणारच.

२. अर्जदाराची अडचण ओळखून खात्याने त्याला लॅपटॉप दिला, हे अर्जदार नाकारत नाही. त्यावर मजकूर टाइप केला की तो मोठ्याने वाचून दाखवतो. आवाज बाईचा आहे आणि जरा नाकातला आहे. वर्ग तिला ‘मावशी’ म्हणतो आणि अर्जदारापेक्षा तिला जास्त घाबरतो. लॅपटॉप देण्याचा समारंभ आपल्याच हस्ते झाला. खोके चकचकीत कागदात बांधलेले होते आणि वर फीत होती. ते अर्जदाराच्या हातात देऊन आपण माईक त्याच्या तोंडासमोर धरलात आणि म्हणालात, ‘बोला सर, दोन शब्द बोला. लाजू नका.’ सभागृहात कोणी हसले नाही. अर्जदाराने खोके उंचावून दाखवले. त्याचा फोटो आपल्या कार्यालयात लावलेला आहे आणि त्यात आपण फार छान दिसता.

३. पुढे त्या लॅपटॉपची बॅटरी फुगली. इतकी फुगली की कीबोर्ड मधून वर आला आणि टेबलावर ठेवला की यंत्र डुलू लागले. स्फोट नको म्हणून दुकानदाराने ती काढून टाकली. तेव्हापासून लॅपटॉप वायरवर चालतो. वायर लावली की मावशी बोलते. वायर निघाली किंवा लाइट गेली की मावशी शब्द अर्ध्यात टाकून गप्प होते. शाळेत लाइट रोज जाते, हे आपणांस सांगायला नको. सांगून काही झालेलेही नाही.

स्वतःच्या खर्चाने नवीन बॅटरी बसवू का, असे अर्जदाराने विचारले. खात्याच्या यंत्रात बाहेरचा भाग बसवणे ही छेडछाड ठरते, असे उत्तर आले. मग लॅपटॉप तपासणीसाठी आपल्या भांडार विभागात न्यावा लागला. तेथील तंत्रज्ञांना सगळे ‘प्लगवाले’ म्हणतात, आणि का म्हणतात ते अर्जदारास तेथे कळले. त्यांची पद्धत अशी की आलेले यंत्र आधी प्लगला लावायचे आणि मग तपासायचे. अर्जदाराचा लॅपटॉप लावला, दिवा लागला, प्लगवाले म्हणाले, ‘चालतोय की!’ अर्जदाराने वायर उपटून दाखवली. पडदा काळा झाला. प्लगवाल्यांनी शांतपणे वायर परत लावली आणि समजावले, ‘सर, वायर काढल्यावर कुठलंही यंत्र बंदच पडणार. घरचा मिक्सर वायर काढून चालतो का तुमचा?’ अर्जदाराने कपाळाला हात लावला. भांडार विभागाला जनरेटर आहे, तेथे लाइट कधी जात नाही. त्यामुळे आजवर आलेल्या प्रत्येक लॅपटॉपची बॅटरी तेथे उत्तम निघालेली आहे. अर्जदाराच्या लॅपटॉपमध्ये बॅटरीच नव्हती, तरी तीही उत्तम निघाली. तसे प्रमाणपत्र मिळाले. त्यावर आपली सही आहे.

४. ‘मग मोबाइल का वापरत नाही?’ असे आपल्या मनात येईल. आले असते तर फार बरे झाले असते. वर्गात मोबाइल नेण्यास आपल्याच परिपत्रकाने मनाई आहे. सवलत हवी असल्यास शिक्षकाने हेल्पलाइनवर स्वतः फोन करून कारण तोंडी सांगावे, असेही त्यात म्हटले आहे. अर्जदाराने फोन केला आणि नेमकी लाइट गेली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, ‘हॅलो. बोला. अहो, बोला ना! फाजीलपणा करता काय?’ मग अर्जदाराच्या पत्नीने फोन केला आणि सगळी हकिगत सांगितली. तिला उत्तर मिळाले, ‘सरांनाच द्या फोन. त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय नोंद होत नाही.’ अर्जदाराची पत्नी फारशी चिडणारी बाई नाही. त्या दिवशी तिने फोन सोफ्यावर आपटला आणि आपल्या खात्याविषयी जे बोलली, ते या अर्जात लिहिण्यासारखे नाही. अर्जदाराला मात्र ते ऐकून फार बरे वाटले.

५. आता तपासणीचा प्रसंग. आपण वर्गात आलात, खुर्चीत बसलात आणि विचारलेत, ‘सांगा, ऋतू का बदलतात?’ प्रश्न आपण मुलांना विचाराल असे अर्जदारास वाटले होते. पण तो अर्जदारालाच होता. अर्जदाराने टाइप करायला घेतले. मावशी म्हणाली, ‘ऋतू बदलतात, कारण पृथ्वी,’ आणि लाइट गेली. डोक्यावरचा पंखा बंद पडला. हे आपणांस कळले, कारण आपण फायलीने वारा घेऊ लागलात. तरीही आपण म्हणालात, ‘हं, कारण पृथ्वी काय? पुढे बोला.’

अर्जदाराने लॅपटॉपकडे बोट दाखवले. मग पंख्याकडे. मग स्वतःच्या गळ्याकडे, जिथे शस्त्रक्रियेचे भोक आहे आणि ते झाकायला अर्जदार रुमाल बांधतो. आपण म्हणालात, ‘खुणा नकोत. तोंडी विचारलंय, तोंडी सांगा.’ तेव्हा अर्जदाराने खडू घेतला आणि फळ्याकडे वळून सूर्य काढला, पृथ्वी काढली, तिचा कललेला आस काढला. वर्गाला ते पाठ होते. सगळी सातवी एका सुरात ओरडली, ‘कारण पृथ्वीचा आस कललेला आहे!’ त्यांना सरांना वाचवायचे होते, हे कुणाच्याही लक्षात आले असते. आपण त्यांना म्हणालात, ‘तुम्हाला कुणी विचारलं?’ खरे सांगायचे तर अर्जदाराला त्या क्षणी स्वतःपेक्षा त्यांचेच जास्त वाईट वाटले, कारण बरोबर उत्तर दिल्याबद्दल ओरडा खाण्याची त्यांना सवय नाही.

६. आपला अहवाल अर्जदाराने वाचला. आपण लिहिता की शिक्षक अर्धे वाक्य बोलून मूग गिळून बसले. शिक्षकांचे बोलण्याचे साधन सुस्थितीत असल्याचे भांडार विभागाचे प्रमाणपत्र असल्याने हे मौन जाणूनबुजून होते. शिक्षकांनी अधिकाऱ्यांकडे पाठ फिरवली. शिक्षकांनी फळ्यावर अनावश्यक गोल काढले.

पाठ न फिरवता फळ्यावर लिहिण्याची रीत आपल्या कार्यालयात प्रचलित असल्यास अर्जदार ती शिकायला तयार आहे. अनावश्यक गोलांपैकी मोठा सूर्य होता आणि लहान पृथ्वी होती. त्यांपैकी कोणता वगळायचा ते आपण कळवावे, म्हणजे पुढच्या वर्षीपासून तो शिकवण्यात येणार नाही.

७. या अहवालावर आपली नोटीस आली. उद्या सुनावणी आहे. तक्रार आपली, साक्षीदार आपण, आणि निकालही आपणच देणार. इतकी माणसे एकाच खुर्चीत मावतात हे पाहून अर्जदार थक्क आहे. नोटिशीत म्हटले आहे की लेखी खुलासा विचारात घेतला जाणार नाही. अर्जदाराने स्वतः हजर राहून, स्वतःच्या आवाजात, दिलगिरी व्यक्त करावी. तसे न केल्यास सातवीचा वर्ग काढून घेतला जाईल आणि अर्जदारास नकाशांच्या खोलीत कायमचे बसवले जाईल. हा अर्ज म्हणजे खुलासा नव्हे, हे येथेच स्पष्ट केलेले बरे. खुलासा असता तर आपण तो वाचला नसता. हा प्लगसाठीचा अर्ज आहे.

अर्जदार काल सुनावणीची खोली पाहून आला. भिंतीवर एकच प्लग आहे आणि तो इन्व्हर्टरवर आहे, म्हणजे लाइट गेली तरी चालू राहणारा. त्याला आपल्या माशांच्या पेटीचा पंप लावलेला आहे. अर्जदाराने वायरीला हात लावताच शिपाई धावत आला. ‘नाही हो सर! पंप बंद झाला तर साहेबांचे मासे गुदमरतील!’ बिचारा खरोखर घाबरला होता. अर्जदाराने हात मागे घेतला. माशांवर त्याचा राग नाही. सुंदर आहेत, केशरी आहेत, दिवसभर तोंड उघडतात आणि मिटतात, आणि त्यांच्या तोंडातून शब्द येत नाही म्हणून त्यांना आजवर कोणी नोटीस दिलेली नाही. लाइट गेल्यावर कोणाचा जीव गुदमरतो याचा विचार हे कार्यालय करू शकते, एवढे त्या पेटीवरून सिद्ध होते. तोच विचार थोडा माणसांकडे वळवता येईल का, एवढेच अर्जदार विचारत आहे.

नकाशांच्या खोलीविषयी एक शब्द. अर्जदाराला नकाशे आवडतात. पण नकाशे मागच्या बाकावरून हात वर करत नाहीत. चुकीचे उत्तर देऊन खो खो हसत नाहीत. गळा कापून घेतल्यावर अर्जदार पुन्हा शाळेत आला तो या वर्गासाठी, आणि तो वर्ग गेला तर त्याच्या बोलण्याला कारणच उरणार नाही. हे तो आपल्यासमोर मोकळेपणाने लिहीत आहे. आपण ते ‘भावनिक मजकूर’ म्हणून बाजूला ठेवाल हेही त्याला ठाऊक आहे.

८. राहिला प्रश्न ‘स्वतःच्या आवाजात’ या अटीचा. आपण ती गंमत म्हणून घातलीत की नजरचुकीने, हे अर्जदारास कळत नाही. पण योगायोगाने ती पुरी करता येण्यासारखी आहे. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, ‘आवाजात जे काही ठेवायचं असेल ते आत्ताच ठेवून घ्या.’ पत्नीने घराच्या खिडक्या लावल्या, अर्जदाराला बसवले आणि त्याचे बोलणे रेकॉर्ड केले. ती वाक्ये आज लॅपटॉपमध्ये आहेत. एक कळ दाबली की अर्जदाराचा जुना, खरा आवाज येतो. अर्जदार पडला मास्तर. आयुष्यभर लागेल ते म्हणून त्याने काय बोलून ठेवले, तर ‘खिडकी उघडा रे’, ‘मागे काय चाललंय?’, ‘शाब्बास!’, ‘हे परत एकदा बघू’. शेजारी बसलेल्या पत्नीच्या वाट्याला ‘अगं, चहा झाला का?’ एवढेच आले. ती अजून त्यावरून ऐकवते, आणि बरोबरच ऐकवते.

नोटीस आल्यावर दोघांनी बसून ती सगळी वाक्ये पुन्हा ऐकली. दिलगिरीचे एकही सापडले नाही. पत्नी म्हणाली, ‘अहो, माफीचं नाहीच आहे यात काही.’ ‘साहेब’ हा शब्दही नाही. त्यातल्या त्यात प्रसंगाला लागू पडेल असे एकच निघाले. ते असे : ‘चुकलंय ना तुझं? मग बसलायस काय नुसता? खोड ते, आणि नीट लिही.’

माफी म्हणून ते चालणार नाही, हे अर्जदार जाणतो. हे वाक्य तो नेहमी चूक करणाऱ्याला ऐकवत आला आहे. उद्या आपण प्लग दिलात, तर आपल्यालाही तेच ऐकवील.

वीज असेतोवर बोलणारा,
आपला नम्र,

(सही)
भूगोल शिक्षक, इयत्ता सातवी
(हे पद आज तरी त्याचे आहे)

दिनांक : सुनावणीचा आदला दिवस