सहीची बोटं

सरळगाव,
गुरुवार (सुरुवात सोमवारी केली होती)

ती. शालनताईस,

धाकट्या केरूचा सप्रेम जयभीम. तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण गुडघा टम्म सुजला तरी तू "बरी हाय" एवढंच सांगणार. भाऊजींना जयभीम सांग. पल्लवीला आशीर्वाद (पल्लवी, आजीला सावकाश आणि मोठ्याने वाचून दाखव. कंसातलंही वाच, ते गाळायला लिहिलेलं नाही). इकडे तुझी भावजय लहानी, लेक अपेक्षा आणि मी सुखरूप आहोत. माझी उरलेली सात बोटंही मजेत आहेत.

आता आधी अक्षर बघ. (वाचता येत नसलं तरी बघता येतं. पल्लवी, कागद तिच्यासमोर धर.) हे सगळं डाव्या हाताचं आहे. फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं, पण फोनवर अक्षर दिसत नाही. अपेक्षाने मला दुरेघी वही आणून दिली आणि रोज एक पान तपासते, लाल पेनाने. तिच्या मते माझा 'ल' अजून तोंड फिरवून बसतो. बाकी अक्षर तिसरीच्या मुलापेक्षा बरं आहे, असं तिने शेरा मारून लिहून दिलंय. ते पान मी भिंतीवर लावलंय.

दोन वर्षांपूर्वी कंपनीतल्या पॉवर प्रेसने माझ्या उजव्या हाताची तीन बोटं घेतली, हे तुला नव्याने सांगायला नको. महिनाभर येऊन तूच मला भरवलंस. पण त्या मशीनने हिशेब कसा केला बघ. पेन धरायची दोन बोटं नेली, त्यांच्या शेजारचं सोबतीला नेलं, आणि करंगळी व अंगठा ठेवला. हा अंगठा ठेवला ना, तिथेच सगळी भानगड झाली.

भरपाईचा अर्ज केला त्या ऑफिसचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. पहिले पाच महिने अर्ज अडकला, कारण डॉक्टरांच्या दाखल्यात उजव्याच्या जागी डावा हात पडला होता. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. तिथल्या बाबूने दोन्ही नीट निरखले आणि म्हणाला, दाखल्यात डावाच आहे. दाखला दुरुस्त करून नेला तर साहेब निवडणुकीच्या कामाला गेलेले. साहेब आले तर फाइल वरच्या मजल्यावर. फाइल खाली आली तेव्हा कंपनीचा वकील आजारी पडला, आणि तो बरा झाला तोवर जुने साहेब बदलून नवे आले. एवढ्या खेपा घातल्या की आता नव्या माणसांना कोणत्या टेबलावर काय मिळतं ते मीच सांगतो. मागच्या महिन्यात एका म्हाताऱ्याने मलाच साहेब समजून नमस्कार केला. मी तो घेतला. दोन वर्षांत तिथून मिळालेली तेवढी एकच गोष्ट.

शेवटी फाइल राहीमॅडमकडे आली. पोरगी गुणाची आहे, सगळे कागद एका दिवसात वाचले. पण म्हणाली, काका, तुमची अर्जावरची सही आणि कंपनीच्या हजेरीपटावरची सही जुळत नाही. मी म्हटलं, मॅडम, ती जुळत नाही म्हणूनच तर अर्ज केलाय. ती हसली, पण नियम काही हसला नाही. मग तिने शाईचा पॅड पुढे सरकवला. "अंगठा द्या काका, आजच पुढे पाठवते."

ताई, मी पॅड तसाच परत सरकवला. आपल्या घरात सही करणारा पहिला माणूस मी. बाबांनी जन्मभर अंगठा दिला, रेशनला दिला, मजुरीला दिला आणि त्या जमिनीच्या कागदालाही दिला, ज्यावर काय लिहिलं होतं ते अजून आपल्याला कळलेलं नाही. माझी सही मी सातवीत वहीच्या मागच्या पानावर बसवली. 'के'ची मात्रा अख्ख्या सोनावळे आडनावावरून फिरवून खाली आणायची आणि दोन रेघा मारायच्या. हजेरीपटाच्या चौकटीत ती कधी मावली नाही, म्हणून सुपरवायझर कोंडू दर महिन्याला कटकट करायचा. त्याला काय माहीत. (आधार कार्डाच्या मशीनवर अंगठा दिला होता तो मी धरत नाही. तिथे काच होती, शाई नव्हती.)

घरी लहानीने डोक्याला हात लावला. "द्या ना अंगठा नि व्हा मोकले. तुमी काय कलेक्टर हाव?" मी म्हटलं, मशीनने बोटं घेतली, सही मी दिलेली नाही. ती म्हणाली, "मग सहीचीच भाकर करून खा." तिचंही चुकत नाही. भरपाई आली तर पिठाची गिरणी टाकायची ठरवलंय, जागाही बघून ठेवलीय. गिरणी एका हाताने चालते. प्रेस आता मला कुणी देणार नाही आणि दिली तरी मी तिच्यापुढे उभा राहणार नाही.

राहीमॅडमनी मग एक वाट काढली. मला लहानपणापासून ओळखणारं, वयाने मोठं, घरचं माणूस साक्षीला आणायचं. त्याने कागदावर लिहून द्यायचं की सही बदलली तरी माणूस तोच आहे. अठरा तारखेपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर मॅडमची बदली आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर. मी ताबडतोब तुझं नाव सांगितलं. मॅडमनी त्यावर एक प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर ठणकावून दिलं. ते खाली लिहितो, कारण इथे हात दुखायला लागला.

भाताची रोपं कशी आहेत ते कळव. माझं पत्र जपून ठेव, पुढे अक्षर सुधारल्यावर बघायला मजा येईल.

उभ्या जन्मात कागदावर अंगठा न उठवलेला, तुझा भाऊ,
केरू सोनावळे (ही सही तिसऱ्या झटक्यात जमली)

ता. क. मॅडमचा प्रश्न असा होता, "बहीण सही करते ना? साक्षीदाराचा अंगठा चालत नाही." मी म्हटलं, "झोकात करते." तोंडातून निघून गेलं ताई. मागच्या पानावर तुझं नाव ठिपक्यांनी काढलंय. तीनच अक्षरं आहेत. भात चुलीवर ठेवला की रोज पाच वेळा गिरव. मधला 'ल' मात्र पल्लवीकडून काढून घे, माझ्यावर जाऊ नकोस. सोळा दिवस आहेत.

आणखी ता. क. येताना आधार कार्ड आण आणि लिहिता-वाचता येतं का असं कुणी विचारलं तर बोलू नकोस, चष्मा पुसत राहा.

शेवटचं. (पल्लवी, हे हळू वाच.) जन्मतारखेच्या दाखल्यासाठी मागच्या आठवड्यात आपल्या गावच्या शाळेत गेलो होतो. गुरुजींनी जुनं रजिस्टर काढलं. माझ्या नावापुढे पालकाच्या सहीच्या जागी एक बारकासा अंगठा आहे आणि शेजारी लिहिलंय, 'शालन, बहीण, वय अकरा'. आईबाबा वीटभट्टीवर होते. माझं नाव तू घातलंस, हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, तूही नाही. मी ते पान किती वेळ बघत बसलो ते लिहीत नाही.

तेव्हा ताई, तुझी सही जमली तर जमली. नाही जमली तरी अठराला ये. पॅड मागून घेईन आणि मीच अंगठा देईन. तुझ्या अंगठ्यावर शाळेत गेलेल्याला कसली आलीय लाज. लहानीला मात्र सांगायचं, की मॅडमनी ऐकलंच नाही.