रविवारी तेग्विनला न्यायचं

९ फेब्रुवारी, रविवार

तेग्विन! दुसरं कोण असणार?

पाळकबाई आज उपासनेत म्हणाल्या — ज्याच्यावर माया करणं तुम्हाला सगळ्यात जड जातं असा एक माणूस धरा आणि रोजच्या साध्या गोष्टींत त्याच्याशी चांगलं वागा. मोठं काही नको. प्रभूसाठी करा, कौतुकासाठी नको. मी मान वळवली तर शेजारी हा — तोंड उघडं टाकून झोपलेला!

नोव्हेंबरपासून दर रविवारी मीच त्याला गाडीतून चॅपेलला, गावातल्या या छोट्या चर्चला, आणते. इव्होरला पुरून आलो, अजून घरातली फुलंही सुकली नव्हती, आणि याचा फोन. ‘माझे गुडघे गेलेत. रविवारी न्यायला ये.’ जमेल का, असं नाही. नवरा गेला, कशी आहेस, असंही नाही. मी तर तेव्हा चॅपेलला जाणंच सोडलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? टेकडीखाली एकटाच राहतो, बायको कधीच गेली.

ठरलं. तेग्विन.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चहात भिजवलेल्या मनुकांचा गोड पाव केला. इव्होर गेल्यापासून आज पहिल्यांदा ओव्हन लावला. गरम असतानाच खाली नेऊन दिला. त्यानं एक तुकडा तोडला, चावत राहिला.

‘कोरडा झालाय. तुझी आई लोण्यात हात आखडता घेत नसे.’

मी हसले. निरोप घेतला. गाडीत बसून काचा वर केल्या आणि मोठ्यानं शिव्या दिल्या. प्रभू, त्या तेवढ्या ऐकल्या नाहीस असं समज.

१६ फेब्रुवारी, रविवार

गाडीत — ‘गिअर बदल पोरी, इंजिन रडतंय.’ चॅपेलमध्ये — ‘जरा खाली गा, छप्पर आधीच गळतंय!’ मी चौसष्ट वर्षांची आणि म्हणे पोरी.

उलटून एक शब्द बोलले नाही. पण गप्प बसणं म्हणजे चांगुलपणा का? की तो नुसता गिळलेला राग?

२० फेब्रुवारी, गुरुवार

एक लक्षात आलं आणि लाज वाटली. चांगलं वागायला निघाले की डोळ्यांपुढे आधी मीच येते — हातात पाव घेऊन चाललेली भली एलुनेद! तेग्विन कुठेतरी मागे, अंधुक.

२३ फेब्रुवारी, रविवार

नदीच्या वळणावर एकदम म्हणाला, ‘तुझा इव्होर इथे मासे धरायचा. म्हणजे धरायचा कसला! बाजारातून आणून तुझ्यापुढे टाकायचा.’

‘खोटं!’

‘मी होतो की बरोबर. मासेवाल्याकडे गुंडाळायला कागद मागायचा नाही, नाहीतर तुला कळलं असतं.’

मी इतकी हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. मग रडले. तो खिडकीबाहेर मेंढ्या बघत बसला.

गावात सगळे माझ्यासमोर इव्होरचं नाव टाळतात. जपतात मला. तेग्विन तेवढा टाळत नाही. उद्धटपणाच त्याचा, पण आज बरं वाटलं.

१ मार्च, शनिवार

संत डेव्हिडचा दिवस, आमच्या देशाचा सण. कोटाला रिवाजाप्रमाणे डॅफोडिलचं पिवळं फूल लावलं. कुठे गेले नाही, संध्याकाळी काढून ठेवलं.

८ मार्च, शनिवार

बेकरीत मेन्ना भेटली — तेग्विनची मुलगी, कार्डिफहून दोन दिवस आलीय. म्हटलं, बाबांचे गुडघे कसे आहेत?

‘गुडघे? मावशी, काल मला मागे टाकून टेकडी चढले ते! मीच धापा टाकत होते.’

‘पण चॅपेलला मी त्यांना…’

‘चॅपेलला? बाबा?’ ती हसायलाच लागली. ‘आई गेली तेव्हापासून देवाचं नाव काढलं की उठून जातात. कोणी दुसराच म्हातारा नेत असाल तुम्ही.’

पाव न घेताच घरी आले. इतके रविवार! थंडीत, पावसात, गोठलेल्या रस्त्यावर! माझी गंमत बघत होता का? त्याच्यासाठी मी गुडघे टेकून प्रार्थना करत होते!

९ मार्च, रविवार

गेले नाही. बसू दे वाट बघत.

दिवसभर गाऊनमध्येच. पडदेही उघडले नाहीत. चहा केला, तो ओट्यावरच राहिला. इव्होरच्या स्वेटरवर डोकं ठेवून पडून होते. घर किती शांत आहे हे रविवारी कळलंच नव्हतं इतके दिवस.

११ मार्च, मंगळवार

चांगुलपणा समोरच्याची लायकी बघून करायचा असता, तर पाळकबाईंनी सांगायची गरजच नव्हती. हे पटतं. तरी राग जात नाही.

१६ मार्च, रविवार

गेले. फाटकाशी उभा होता, टाय लावून. मागच्या रविवारबद्दल चकार शब्द नाही. पुलापर्यंत मी कसाबसा दम धरला.

‘तुमचे गुडघे ठणठणीत आहेत. देवाला तुम्ही मानत नाही. मग येता कशाला?’

त्यानं टाय सैल केला.

‘मागच्या रविवारी काय केलंस?’

‘काही नाही.’

‘जेवलीस?’

मी रस्त्याकडे बघत राहिले.

‘गिअर बदल,’ म्हणाला.

उत्तर दिलंच नाही त्यानं. की दिलं?

२३ मार्च, रविवार

छप्पर धोक्याचं झालंय. पुढच्या रविवारी शेवटची उपासना, मग चॅपेल कायमचं बंद. माझं इथेच नाव ठेवलं, इथेच लग्न लागलं, इव्होरची शवपेटी इथूनच निघाली. पाळकबाई म्हणाल्या, देव काही छपराखाली राहत नाही. त्याचं ठीक आहे. मी कुठे जाऊ?

३० मार्च, रविवार

शेवटचं गीत मला म्हणवेना. शेजारून एक घोगरा, बेसूर आवाज आला — तेग्विन! एकेक शब्द पाठ होता त्याला. माझ्याकडे न बघता रुमाल पुढे केला. ‘धुतलेला आहे.’

त्याला घरी सोडताना म्हटलं, ‘चला, सुटलात तुम्ही. आता उठायला नको, माझं गाडी चालवणं सोसायला नको.’

‘हं,’ म्हणाला आणि फाटक लावून आत गेला.

६ एप्रिल, रविवार

कुठे जायचंच नव्हतं, म्हणून अंथरुणातच होते. दार वाजलं. तेग्विन! सबंध चढण चढून आलेला, घामाघूम, टाय एका बाजूला सरकलेला. माझ्या गाऊनकडे, विस्कटलेल्या केसांकडे त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

‘चल पोरी, आटप. मी गाडीपाशी थांबतो. कुठे जायचं ते तू ठरव.’