‘घरघर’ या शब्दाचा अर्थ

१० जानेवारी
आज वाचनमंडळात मीच मी. धाकट्या जावेला सर्दी झाली म्हणून तिची कविता मी वाचून दाखवली. शीर्षक नाही. तीनच ओळी.
तो कोपऱ्यात उभा, नुसता घरघरतो.
दार उघडलं तरी आत दिवा लागत नाही.
इतक्या वर्षांचा. काढून टाकवत नाही.
मग अर्थ उलगडून सांगितला. ‘घरघर’मध्ये ‘घर’ दोनदा येतं, शिवाय शेवटची घरघरही आलीच. दार म्हणजे मन. ‘तो’ म्हणजे कोण, ते मी बोलले नाही. नुसता सुस्कारा सोडला. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर म्हणायच्या, कवी एकही शब्द उगाच वापरत नाही. त्यांच्या बाहीला खडूचा वास यायचा. आज त्या हव्या होत्या.

११ जानेवारी
भाजीच्या दुकानात मंडळातल्या रिटायर्ड नर्सबाई भेटल्या. धाकटीचं घरी बरं चाललंय ना, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, मी काही बोलले नाही, कविताच बोलली. संकल्प : यापुढे अर्थ सांगायचा नाही. फार तर शब्दार्थ.

१३ जानेवारी
धाकटीचा फोन. सलूनमध्ये नर्सबाईंच्या मिस्टरांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि मन मोकळं करत जा म्हणाले. भाऊजींनी घरी येऊन तिला विचारलं, मी घरघरतो का? आता उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपतात.
“अहो ताई, ती फ्रिजची कविता आहे.”
मी तिला धीर दिला. म्हटलं, आपण काय लिहून गेलो ते पुष्कळदा कवीला स्वतःलाही कळत नाही. तिने फोन ठेवला. सर्दी असेल.

१५ जानेवारी
स्वतः जाऊन सगळं निस्तरायचं ठरवलं. भाऊजी पेपर वाचत होते. पान उलटत नव्हते. मी नवी नवरी होते तेव्हा भाऊजी कॉलेजात. माझ्या इंग्रजी कविता त्या घरात ऐकून घेणारे ते एकटेच. अर्ध्या कळायच्या नाहीत, तरी मान डोलवायचे.
सांगितलं, तो फ्रिज आहे. त्यांनी विचारलं, मग सगळ्यांना मीच कसा वाटलो? खोटं बोलणं जमत नाही मला. म्हटलं, प्रत्येक शब्द बसतो ना, म्हणून.
ते उठून आत गेले. धाकटीने चहा केला नाही.

१७ जानेवारी
मंडळात जाहीर खुलासा करायचा. सरळ, छोटं वाक्य. आरशासमोर म्हणून पाहिलं. उत्तम.

संध्याकाळी
उभी राहिले आणि म्हणाले, “त्या कवितेतला तो म्हणजे फ्रिज आहे.”
नर्सबाईंनी डोळे मिटले. म्हणाल्या, किती भेदक! नवरा एका शब्दात उभा केला. दोघीतिघींनी वहीत उतरवून घेतलं.
माझा दोष इतकाच, की मी फार चांगलं शिकवलं.

२१ जानेवारी
भाऊजींनी नवा फ्रिज आणला म्हणे. अजिबात आवाज करत नाही. भाऊजीही नाहीत. खाकरतसुद्धा नाहीत, धाकटीने आमच्या ह्यांना सांगितलं. मला फोन नाही. माफी मागायची, उद्या नक्की. आधी योग्य शब्द सापडायला हवा.

२४ जानेवारी
शब्द सापडला नाही. आज धाकटी स्वतः मंडळात आली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, ती पलीकडे बसली. नवी कविता वाचली.
ती बोलावल्याशिवाय वाजते.
दारात कुणी नसलं तरी वाजते.
या घरात आले तेव्हा माझ्यासाठी पहिली तीच वाजली,
म्हणून वायर कापवत नाही.
सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.
“ताई, अर्थ सांगा ना,” धाकटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. डोळे मात्र भरलेले.
मी चष्मा पुसला. म्हटलं, बेलची कविता आहे. साधी, सरळ. उगाच प्रत्येक गोष्टीत रूपक शोधू नये.
सगळ्यांनी माना खाली घातल्या. पटलं असावं.
घरी येताना आठवलं, त्यांच्या दाराला बेल नाही. कडी आहे.
नवीन बसवली असेल.