पाच बटणांचा कोट

८ जाने. १९७८, रविवार
स. ७ ला कामठी रोडच्या आतलं पडीक मैदान. आमच्या रेडिओवाल्या भास्करने जुन्या ट्रान्झिस्टरमधून जुळवून दिलेलं यंत्र आज नीट चाललं. खाली धातू आला की कानातला सूर चढतो. मिळकत: घोड्याची नाल, एक ढब्बू पैसा, कथलाचं बटण, कसलंसं झाकण. वरची दोन-अडीच फूट माती वीटभट्टीवाल्यांनी नेली आहे, म्हणून एवढ्या वर लागतंय सगळं.

सौ. म्हणाली, "लोकं रिटायर झाल्यावर देवळात जाते, अन् तुमी बटनं वेचून राहिले."

बोलू दे. तीस वर्षं नळखात्यात जमिनीखालचंच शोधलं. आता एकाएकी वर बघायला लागलो तर मान दुखेल.

१५ जाने., रवि.
घबाड! एकाच खड्ड्यात चार पितळी बटणं, मुकुटाची. पलटणीची नक्की. चार-चार बोटांच्या अंतराने, एका ओळीत. एकाच्या मागच्या कडीत दोऱ्याचा तुकडा अडकलेला, तो उपटून टाकला. सोबत पांढरे तुकडे निघाले, चुनखडी. आपल्याकडे पावलोपावली.

खड्डे सगळे बुजवून, चोपून, वरून माती झाडून आलो. नळखात्याची शिस्त: काम झालं की खूण राहता कामा नये. बटणं जर्द्याच्या डबीत.

१७ जाने.
दुपारभर चिंच लावून घासली. मुकुट सोन्यासारखा चमकतो. भास्करला दाखवून आलो. तो म्हणाला, "काका, नशीबवान हाय तुमी." मलाही तसंच वाटलं.

२२ जाने., रवि.
मैदानावर प्लॉटच्या खुंट्या ठोकल्यात. कडुनिंबाचं झाड मुळासकट उपटून नेलं. यंत्र लावतो न लावतो तो पलीकडच्या वस्तीतून एक बाई आली. साठीची, पांढरं लुगडं. नाव कौसल्याबाई.

"जयभीम दादा. मशीन घेऊन फिरते ते तुमीच ना?"

म्हटलं, हो.

"माह्या बापाले इथं पुरलं. आमचं मसनवटच होतं ना हे. मी आठ वर्साची होती. पलटणीतून आला होता थो, कोट घालूनच पुरा म्हणे मले. पाच पितळी बटनं होती कोटाले. कडूनिंबाच्या उगवतीले जागा होती. आता झाड नाही, गोटे नाही. तुमचं मशीन बटनावर वाजते का?"

मी म्हणालो, वाजतं.

"मंग जागा दाखवून द्या दादा. सोमवारी पाया खोदतीन म्हणे, पुढच्या. मी मालकाच्या पाया पडतो, तेवढा तुकडा सोड म्हणतो. बापाच्या छातीवर कोणाचा संडास नको."

डबी त्या वेळी घरी कपाटात. बघतो म्हणालो आणि सायकल काढली. पळालोच म्हणायचं.

२३ जाने.
चुनखडी नव्हती ती.

जेवण गेलं नाही. सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "जमीन कोनाची हाय, हे इचारलं नाही काहून तुमी?" पडीक दिसली. पलीकडे शंभर घरं आहेत, एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या गावच्या मसनवटात असा खणायला बसलो असतो का? नसतोच.

२५ जाने.
कौसल्याबाईंच्या घरी गेलो. डबी पुढे ठेवली, सगळं सांगितलं. वाटलं होतं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकेक बटण पदराने पुसत म्हणाल्या, "इतके चमकत नव्हते हे."

मग, "कुठून काढले?"

तेच तर सांगता येत नव्हतं. दोन रविवारी चाळीसेक खड्डे केले, सगळे बुजवले, कागदावर एक रेघ नाही. आणि यंत्र ज्यावर वाजलं असतं ते मीच काढून घेतलं. लाज वाटली. अजून वाटते.

त्याच म्हणाल्या, "चारच हायेत हे. पाचवं तिथंच असन."

२९ जाने., रवि.
स. ६ पासून. दोरी लावून पट्ट्या पाडल्या, एकेक पट्टी. कौसल्याबाई मागेमाग, अनवाणी. आधीच बजावलेलं: "वाजलं तं फक्त सांगा. काढू नका आता."

दुपारपर्यंत काही नाही. तीनच्या सुमारास, एका खुंटीपासून चार पावलांवर, सूर चढला. बारीकसाच. माती भुसभुशीत वाटली, पण माझा हात लागलेली माती तिथे जागोजागी आहे. बटण असेल. खिळा असेल. सिगारेटच्या पाकिटाची चांदीही अशीच वाजते.

"थोडं उकरून बघू का?"

"नाही म्हटलं ना."

त्या तिथेच बसल्या. डोक्यावरून पदर घेतला, तळहात मातीवर ठेवला.

"हाच ना दादा?"

मी हो म्हणालो. कसा म्हणालो मलाच माहीत नाही.

उद्या स. ७ ला दोघांनी प्लॉटच्या मालकाकडे जायचं ठरलंय. तो पुरावा मागणार. पुरावा खणल्याशिवाय निघत नाही, आणि खणायचं नाही असा मी शब्द दिलाय.